गोळी कधी थांबवायची? रक्ताच्या गुठळीनंतरचे तुमचे प्रश्न

गेल्या अंकात पायाच्या शिरेत होणाऱ्या रक्ताच्या गुठळीबद्दल लिहिलं होतं, म्हणजे एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखायला लागली तर तेल चोळत बसू नका, डॉपलर सोनोग्राफी करून घ्या, कारण तीच गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्यावर खूप पत्रं आली आणि त्यातल्या बऱ्याच जणांना गुठळी आधीच होऊन गेलीय, त्यांना पुढचं विचारायचंय. ब्लड थिनर, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी, किती दिवस घ्यायची, थांबवली तर काय, चालू ठेवली तर काय. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय. पत्रं थोडी छोटी केलीत आणि नावं काढून टाकलीत.

प्रश्न (सांगली जिल्ह्यातून, वय ५२): माझं किराणा दुकान आहे. गेल्या दिवाळीनंतर डावी मांडी सुजली, डॉपलरमध्ये मोठी गुठळी निघाली. ना कुठे पडलो, ना ऑपरेशन, ना आजार. रिव्हारोक्साबॅन (ब्लड थिनर) चालू झाली, आता सहा महिने झाले, पाय एकदम ठीक आहे. परत डॉपलर केला तर जुनी गुठळी थोडी शिल्लक आहे असं रिपोर्टमध्ये आलंय. आमचे डॉक्टर म्हणतात गोळी आता जन्मभर. घरचे म्हणतात पाय बरा झालाय मग कशाला, किडनी जाईल. दुसऱ्या एका डॉक्टरांनी इकोस्प्रिनवर या म्हणून सांगितलं. मी कुणाचं ऐकू?

उत्तर: तुमच्या पहिल्या डॉक्टरांचं ऐका, पण त्यांनी तसं का सांगितलं ते समजून घ्या, नाहीतर चार महिन्यांनी कंटाळा येईल आणि गोळी आपोआप सुटेल, हे मी खूप वेळा बघितलंय.

या गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत. ते काम शरीर स्वतःच करतं, हळूहळू, कधी पूर्ण कधी अर्धवट. गोळी फक्त आहे ती गुठळी वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. कारण काहीही असो, पहिले तीन महिने गोळी लागतेच, त्यात वाद नाही. तीन महिन्यांनंतर मात्र प्रश्न बदलतो, तेव्हा जुन्या गुठळीचं काय हे विचारायचं नसतं, परत होईल का हे विचारायचं असतं. आणि याचं उत्तर पहिली गुठळी का झाली यात दडलेलं असतं.

समजा कुणाचं खुब्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर पलंगावर होते, त्यात गुठळी झाली. ते कारण आता संपलं. अशा माणसाला तीन महिन्यांनी गोळी थांबवली तर पहिल्या वर्षात परत गुठळी होण्याचं प्रमाण १०० पैकी एकाच्या आसपास असतं. त्याला जन्मभर गोळी देणं चूक आहे, आणि तसंही होताना दिसतं, कुणी थांबवायला सांगितलंच नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं घेत राहतात. तुमचं उलटं आहे. तुमच्याकडे बोट दाखवावं असं काही कारणच नाही, म्हणजे कारण शरीरात कुठेतरी आहे आणि ते गेलेलं नाही. अशा लोकांनी गोळी थांबवली तर पहिल्या वर्षात १०० पैकी साधारण १० जणांना परत होते, पाच वर्षांत २५ जणांना आणि दहा वर्षांत ३६ च्या आसपास. पुरुषांमध्ये हे बायकांपेक्षा जास्त. आणि परत होणारी गुठळी पायातच थांबेल याची कुणी खात्री देऊ शकत नाही, ती थेट फुप्फुसातही होऊ शकते.

दुसऱ्या पारड्यात रक्तस्राव. रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्यांवर मोठा रक्तस्राव वर्षाला १०० पैकी एकाच्या आसपास लोकांना होतो, जुन्या वॉरफरिनवर त्याहून थोडा जास्त. वय जास्त असेल, किडनी मंद असेल, पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं असेल, सोबत ॲस्पिरिन चालू असेल तर हा आकडा वाढतो. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही, म्हणून तुमच्या बाबतीत गोळीचं पारडं स्पष्ट जड आहे.

आता डोसबद्दल विचारा, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सहा महिने पूर्ण डोस झाल्यावर अनेकांना कमी डोसवर आणता येतं, रिव्हारोक्साबॅन २० ऐवजी १० मिलिग्रॅम, किंवा ॲपिक्साबॅन असेल तर ५ ऐवजी २.५ दिवसातून दोनदा. ॲपिक्साबॅनचा २०१३ मध्ये आलेला मोठा अभ्यास आहे, त्यात वर्षभरात नुसती खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपैकी ८.८ टक्के लोकांना परत गुठळी झाली किंवा त्याने मृत्यू आला, आणि गोळी घेणाऱ्यांत, पूर्ण डोस असो की अर्धा, १.७ टक्के. म्हणजे अर्ध्या डोसनेही जवळजवळ तेवढंच संरक्षण मिळालं. पण सगळ्यांना कमी करता येत नाही, वजन खूप जास्त असेल किंवा गोळी चालू असतानाच परत गुठळी झाली असेल तर वेगळा विचार करावा लागतो, त्यामुळे घरी गोळी मोडून अर्धी करू नका, विचारून करा.

इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, ते हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांसाठी चांगलं, शिरांमधल्या गुठळीवर त्याचं काम फार कमी. २०१७ मध्ये याचीच थेट तुलना झाली, परत गुठळी ॲस्पिरिनवर ४.४ टक्के लोकांना, रिव्हारोक्साबॅनवर (१० असो की २०) दीड टक्का किंवा त्याहून कमी, आणि मोठ्या रक्तस्रावात म्हणावा असा फरक नव्हता. मग ॲस्पिरिनवर यायचं कशासाठी?

डॉपलरमधल्या शिल्लक गुठळीने घाबरू नका. बऱ्याच जणांच्या शिरेत आतून जुना व्रण राहतोच, तो तिथे असणं म्हणजे नवी गुठळी नाही. उलट हा रिपोर्ट नीट जपून ठेवा, उद्या परत पाय दुखला तर जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे ओळखायला तोच कामाला येतो. किडनीचं म्हणाल तर या गोळीने किडनी जाते अशी भीती धरू नका. गोळीचा काही भाग किडनीवाटे बाहेर पडतो, म्हणून किडनी आधीच कमजोर असली तर गोळी शरीरात साठते आणि डोस बदलावा लागतो, एवढाच संबंध. वर्षातून एकदा क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन करा, सत्तरी ओलांडल्यावर सहा महिन्यांनी.

आणि जन्मभर हा शब्द ऐकून पोटात गोळा येतो हे खरंच आहे, वयाच्या बावन्नाव्या वर्षी तर येणारच. पण त्याचा अर्थ थांबवायची तारीख आज ठरवलेली नाही एवढाच घ्या. दर वर्षी डॉक्टरांसमोर बसून विचारायचं, यंदा माझ्यासाठी काय बरोबर? रक्तस्राव झाला, दुसरा आजार निघाला, तुमचं मत बदललं, तर निर्णयही बदलतो. एक मात्र करा, कारण न सापडता गुठळी झालीय तर वजन उतरणं, भूक मरणं, शौचातून रक्त असं काही असेल तर लपवू नका, क्वचित आत कुठे कॅन्सर असला तर तो आधी गुठळीच्या रूपात दिसतो. आणि घरात एक जादा पाकीट ठेवा. गोळ्या संपल्या म्हणून चार दिवस खाडा, हे या गोळ्यांना चालत नाही, दिवसभरात त्यांचा असर उतरतो.

प्रश्न (नाशिकहून, आईसाठी मुलीचं पत्र): आई ६८ वर्षांची, दोनदा फुप्फुसात गुठळी झाली, पाच वर्षं ॲसिट्रॉम (ब्लड थिनर) चालू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) कधी १.४ तर कधी ४.८. कुणीतरी हिरव्या भाज्या बंद करायला सांगितल्या म्हणून तिने मेथी, पालक, कोथिंबीर सगळं सोडलंय, त्यात तिचे उपवास. दर पंधरा दिवसांनी सुई टोचून ती वैतागलीय. नव्या गोळ्या चालतील का?

उत्तर: आधी आईला तिची मेथीची भाजी परत द्या.

ॲसिट्रॉम आणि वॉरफरिन दोन्ही व्हिटॅमिन के च्या विरुद्ध काम करतात. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होताना व्हिटॅमिन के लागतं, गोळी ते वापरू देत नाही. हिरव्या पालेभाज्यांत हे व्हिटॅमिन भरपूर, म्हणून अचानक खूप पालेभाजी खाल्ली तर आयएनआर खाली येतो (गुठळीचा धोका) आणि अचानक बंद केली तर वर जातो (रक्तस्रावाचा धोका). गडबड त्या अचानकमध्ये आहे. आठवड्यातून तीनदा पालेभाजी खायची सवय असेल तर तीनदाच खावी, डोस त्या हिशोबाने बसवता येतो. उलट ज्यांच्या जेवणात व्हिटॅमिन के जवळजवळ नसतंच त्यांचा आयएनआर जरा काही झालं की उड्या मारतो, लग्नाच्या जेवणात दोन वाट्या अळूचं फदफदं खाल्लं की लगेच १.४. आईचं तसंच होतंय असं मला वाटतं.

उपवासाचंही तेच. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा, बटाटा, भगर, दाण्याची आमटी, पालेभाजी शून्य, आणि खाणंही कमी, मग आयएनआर चढतो. आणि ऋषिपंचमीची भाजी आली की एका दिवसात आठ-दहा प्रकारच्या भाज्या आणि पाले पोटात. उपवास सोडा असं मी सांगत नाही, ज्या बाईने आयुष्यभर केलेत तिला ते जमणार नाही. पण लांबलचक उपवास येणार असेल तर आधी डॉक्टरांना सांगायचं आणि त्या आठवड्यात एक जादा आयएनआर करायचा. ताप, जुलाब, जेवण न जाणं, नवं अँटिबायोटिक, यातही तेच. मेट्रोनिडॅझोल (जुलाबासाठी सर्रास देतात ते) आणि को-ट्रायमॉक्साझोल, बुरशीसाठीचं फ्लुकोनॅझोल, यांनी आयएनआर जोरात वाढतो.

दुसरं, गोळ्यांचा घोळ. ॲसिट्रॉम १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये येते आणि डोस असा असतो की सोमवार-बुधवार-शुक्रवार दोन मिलिग्रॅम, बाकी दिवस तीन. घरात वेगवेगळ्या ताकदीची पाकिटं एकाच डब्यात असतात, चष्मा सापडत नाही, आणि रात्री जे हाताला लागेल ते घेतलं जातं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकटीत किती मिलिग्रॅम घेतली ते पेनाने लिहा, गोळी गिळल्यावर लगेच, आणि आयएनआरचा आकडाही तिथेच. तपासणीला जाताना त्या पानाचा फोटो घेऊन जा. वेळ रोज एकच ठेवा, संध्याकाळची बरी, म्हणजे सकाळी रक्त देऊन दुपारी डॉक्टरांनी डोस बदलला तर त्याच दिवशी बदलता येतो. लॅबही शक्यतो एकच. विसरली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्यावी, दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आठवलं तर सोडून द्यायची, डबल कधीच नाही. ॲसिट्रॉम वॉरफरिनपेक्षा लवकर उतरते, तिचे खाडे जास्त जाणवतात.

नव्या गोळ्यांचं, म्हणजे ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डाबिगॅट्रान यांचं: त्यांना आयएनआर करावा लागत नाही, भाज्यांचं बंधन नाही, मेंदूतला रक्तस्राव वॉरफरिनपेक्षा कमी. जेनेरिक आल्यापासून किंमतही बरीच उतरलीय. आईच्या हृदयात धातूची झडप बसवलेली नसेल, संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप आक्रसलेली नसेल (हे आपल्याकडे पुष्कळ आहे), अँटिफॉस्फोलिपिड नावाचा गुठळ्या होण्याचा आजार नसेल आणि किडनी बरी असेल, तर बदलायला हरकत नसावी. या चारपैकी एक जरी अडचण असली तरी ॲसिट्रॉमच बरी किंवा निदान हृदयाच्या, किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बदल मात्र डॉक्टरांच्या हातून, कारण ॲसिट्रॉम बंद करून आयएनआर ठरावीक पातळीखाली आल्यावरच नवी चालू करायची असते. दोन्ही एकदम पोटात गेल्या तर रक्त थांबणार नाही.

प्रश्न (लातूरहून): वॉरफरिन म्हणजे उंदराचं विष आहे असा मेसेज फिरतोय. बाबांनी गोळी बंद केलीय. खरं आहे का?

उत्तर: बाबांना आजच गोळी चालू करायला सांगा, मध्ये किती दिवस गेले ते डॉक्टरांना कळवा आणि आयएनआर करा. मेसेजमधली माहिती अर्धी खरी आहे. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडे गुरं रक्तस्रावाने मरायला लागली, कारण निघालं कुजलेलं स्वीट क्लोव्हर नावाचं गवत. विस्कॉन्सिनला कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातला पदार्थ वेगळा काढला, त्यावरून पुढे वॉरफरिन तयार झालं आणि १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं. १९५४ मध्ये माणसांसाठी मान्यता मिळाली आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅकनंतर तेच दिलं गेलं. तेव्हापासून जगभर लाखो लोक आयएनआर बघून ते घेतायत. डोस मोजून, तपासून घेतलेलं औषध आणि बिळापाशी टाकलेलं विष यात जमीनअस्मानाचा फरक आहे. गोळी बंद करून बसण्याचा धोका मात्र आज, या आठवड्यात आहे.

प्रश्न (ठाण्याहून, वय ३१): पहिल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात डोकं भयंकर दुखून फिट आली, मेंदूच्या शिरेत गुठळी निघाली. सहा महिने गोळ्या घेतल्या, मग डॉक्टरांनी बंद केल्या, त्याला वर्ष झालं. आता दुसरं मूल हवंय पण सगळे घाबरवतात. आणि गौरीच्या वेळी पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का? जाऊबाई दर वर्षी घेतात, त्यांना काही होत नाही.

उत्तर: दुसरा प्रश्न आधी घेते कारण तो तातडीचा आहे. नको. ती गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉन असते, पाळी ढकलायला ती ज्या डोसमध्ये घेतात त्यात तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारखा होतो आणि गुठळीचा धोका वाढतो. ज्यांना एकदा गुठळी होऊन गेलीय त्यांनी ती घ्यायचीच नाही. जाऊबाईंना गुठळी झालेली नाही, तुम्हाला झालीय, बरोबरी होऊ शकत नाही. आपल्याकडे ही गोळी मेडिकलवाल्याकडून नुसती मागून मिळते, लग्न, पूजा, यात्रा, काहीही असलं की घरातल्याच बायका एकमेकींना देतात, आणि देताना पूर्वी काही झालं होतं का असं कुणी विचारत नाही. मला याची फार काळजी वाटते. घरात कुणी आग्रह केला तर सरळ सांगा की मला मेंदूत गुठळी झाली होती, माझ्यासाठी हे औषध धोक्याचं आहे. गौरी तुमच्या जाऊबाईंनी बसवल्या तरी चालतील. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्याही तुम्हाला कायमच्या बंद, कॉपर टी चालते.

आता दुसऱ्या बाळाचं. तुमची गुठळी बाळंतपणामुळे झाली, म्हणून सहा महिन्यांनी गोळी थांबवली हे योग्यच केलं. दुसरं मूल होऊ शकतं, घाबरवणाऱ्यांना तसं सांगा. फक्त ते ठरवून व्हायला हवं. दिवस राहिले की लगेच कमी डोसची हेपारिनची इंजेक्शनं, बहुतेक वेळा एनॉक्सापॅरिन, पोटाच्या कातडीखाली रोज एक, आणि बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे. ते वारेतून बाळापर्यंत जात नाही. सुई बारीक असते, घरी स्वतः टोचायला शिकता येतं, निळे डाग पडतात पण ते निरुपद्रवी. ज्या वाचक बायका सध्या गोळीवर आहेत त्यांच्यासाठी: वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमवर दिवस राहिले तर सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या नाकाच्या, हाडांच्या वाढीत दोष येऊ शकतो, आणि नव्या गोळ्याही गरोदरपणात चालत नाहीत. म्हणून पाळी चुकली की दुसऱ्याच दिवशी टेस्ट करा आणि डॉक्टरांना फोन करा. अंगावर पाजताना वॉरफरिन चालते, नव्या गोळ्या नकोत.

प्रसूती कुठे करायची ते सातव्या महिन्यातच ठरवा, भूल देणाऱ्या डॉक्टरांना इंजेक्शनची वेळ माहीत हवी, पाठीतून भूल द्यायची तर शेवटचं इंजेक्शन किती तास आधी झालंय ते बघतात. आणि बाळंतपणानंतर पाणी पोटभर प्या. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची पद्धत अजून काही घरांत आहे, तुमच्यासारखीसाठी ती खरंच घातक आहे, अंगातलं पाणी कमी झालं की गुठळीला आणखी एक निमित्त मिळतं.

प्रश्न (कोल्हापूरहून, वय ३८): ॲसिट्रॉम चालू असताना गुठळीच्या सगळ्या टेस्ट केल्या. प्रोटीन सी आणि प्रोटीन एस दोन्ही कमी आले. म्हणजे माझा आजार आनुवंशिक आहे का, मुलांच्या टेस्ट करू का?

उत्तर: या रिपोर्टवरून काहीच सांगता येत नाही. प्रोटीन सी आणि एस (रक्त जास्त गोठू न देणारी शरीरातली प्रोटीनं) तयार व्हायलाही व्हिटॅमिन के लागतं, त्यामुळे ॲसिट्रॉमवर ते कमी येणारच, गोळी काम करतेय एवढंच त्यातून कळलं. ताज्या गुठळीतही हे आकडे फसवतात. खरं बघायचं तर गोळी बंद करून काही आठवड्यांनी परत करावं लागतं, आणि नुसत्या टेस्टसाठी गोळी बंद करू नये. या रिपोर्टवरून मुलांच्या टेस्ट करू नका. एक टेस्ट मात्र खरोखर महत्त्वाची, अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीजची, कारण ती पॉझिटिव्ह आली तर कुठली गोळी द्यायची हेच बदलतं. तीसुद्धा एकदा पॉझिटिव्ह येऊन चालत नाही, १२ आठवड्यांनी परत करून बघायची. तुमच्या यादीत ती आहे का बघा.

प्रश्न (पुण्याहून, निवृत्त वाचक): ॲपिक्साबॅनवर आहे. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक आणि गुग्गुळ घेतो. पुढच्या आठवड्यात दाढ काढायचीय, डेंटिस्ट म्हणतात गोळी पाच दिवस बंद करा.

उत्तर: काका, डायक्लोफेनॅक आजपासून बंद करा. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, ॲस्पिरिन सगळी त्याच घरातली, पोटाचं अस्तर खरवडतात आणि वरून तुमचं रक्त लवकर थांबत नाही. पॅरासिटामॉल घ्या, मलम चोळा, मांडीचे व्यायाम करा. गुग्गुळ, लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल, गिंको, यांनीही रक्तस्राव वाढू शकतो. फोडणीतली हळद आणि भाजीतला लसूण खुशाल खा, प्रश्न कॅप्सूलमधल्या मोठ्या डोसचा आहे. काढे आणि पुड्या चालू असतील तर त्यात काय आहे ते वैद्यांकडून लिहून घ्या. टीबीचं औषध चालू झालं तर त्याच दिवशी सांगायचं, त्यातलं रिफॅम्पिसिन ब्लड थिनर जवळजवळ निकामी करतं.

एक दाढ काढायला पाच दिवस बंद करायची काहीही गरज नाही. साधी दाढ असेल तर बहुतेक वेळा गोळी चालू ठेवतात, फार तर सकाळचा एक डोस उशिरा घेतात, टाका घालतात, रक्त थांबवणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या चुळा देतात. पाच दिवस हा हिशोब वॉरफरिनचा आहे आणि तोही मोठ्या ऑपरेशनसाठी. तुमच्या फिजिशियनचा आणि डेंटिस्टचा एकमेकांशी फोन करून द्या.

शौच डांबरासारखं काळं झालं (लोहाच्या गोळ्या नसताना), लघवी लाल झाली, नाकातून दहा-पंधरा मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही तर लगेच दवाखाना. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी सीटी स्कॅन करून घ्यायचा, आत सावकाश रक्त साचत असतं आणि माणूस संध्याकाळपर्यंत चालता-बोलता असतो.

प्रश्न (साताऱ्याहून): आई ६१ वर्षांची, फुप्फुसात गुठळी होऊन दीड वर्ष झालं, रिव्हारोक्साबॅन २० चालू आहे. दम लागत नाही. दर वर्षी आळंदीहून पंढरपूरला पायी जाते, गेल्या वर्षी आम्ही थांबवलं, या वर्षी ऐकत नाही. जाऊ द्यायचं का?

उत्तर: दम लागत नसेल, हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन ठीक असेल तर जाऊ द्या. चालणं पायाच्या शिरांसाठी चांगलंच असतं, पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. पण अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे, म्हणून निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना दाखवा. चढावर पूर्वीपेक्षा जास्त धाप लागत असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, फुप्फुसातली गुठळी न विरघळता राहून तिथला दाब वाढणं काही जणांना होतं आणि ते वेळेवर सापडलं तर त्यावर उपचार आहेत.

रिव्हारोक्साबॅन २० जेवणाबरोबरच घ्यायची असते, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. दिंडीत रात्रीचं जेवण कधी आठला तर कधी अकराला, म्हणून तिला सांगा की पंगतीत ताट समोर आलं की गोळी. एकादशीला साबुदाण्याची खिचडी चालते, तेही खाणंच आहे, नुसत्या पाण्यावर गोळी नको. पाऊस असला तरी पाणी पीत राहायचं. वाटेतल्या वैद्यकीय शिबिरांत पाय दुखतात म्हटलं की पटकन दुखण्याची गोळी किंवा कमरेत इंजेक्शन देतात, तिथे आधी सांगायचं की मी ब्लड थिनरवर आहे, पॅरासिटामॉल द्या, आणि कमरेतलं इंजेक्शन नको, आत रक्त साकळतं. फोड आले तर फोडायचे नाहीत. गोळ्या पूर्ण दिवसांच्या आणि वर एक आठवड्याच्या, दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, एक तिच्याकडे आणि एक दिंडीतल्या विश्वासाच्या बाईकडे. औषधाचं नाव, डोस, तुमचा नंबर कागदावर मराठीत लिहून प्लास्टिकमध्ये घालून कमरेच्या चंचीत ठेवा. परतीचा प्रवास एसटीने असेल तर खिडकीऐवजी कडेची सीट घ्या, म्हणजे दर तासा-दोन तासांनी उठून पाय हलवता येतील, आणि घरी आल्यावर दोन्ही पोटऱ्या बघा, एकच पाय सुजलेला दिसला तर थकवा म्हणून सोडून देऊ नका, डॉपलर करा.